इंजिनाची पहिली दहा मिनिटे

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात इंजिन ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ते पुणे या मार्गावर एस. टी.ची पहिली बस धावली. त्यानंतरच्या काळात मोटेच्या जागी पंप आला, बैलांच्या जोडीला ट्रॅक्टर आला आणि गावोगावी मुक्कामी बस पोचली. विहिरींवरील बहुसंख्य पंप आज विजेवर चालतात, काही सौरऊर्जेवरही चालू लागले आहेत. तरीसुद्धा ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर, रुग्णवाहिका, मळणीयंत्राचे इंजिन, मासेमारीची नौका आणि वीज गेल्यावर रुग्णालयात प्रकाश देणारे जनित्र ही साधने अद्याप प्रामुख्याने डिझेलवरच अवलंबून आहेत.

यांपैकी अनेक यंत्रे सार्वजनिक पैशातून खरेदी केलेली असतात. खरेदीच्या वेळी निविदा, दरपत्रके, अश्वशक्ती आणि हमीची मुदत यांची बारकाईने छाननी होते. यंत्र एकदा दारात आले, की मात्र ते दररोज कसे चालविले जाते याकडे फारसे कोणाचे लक्ष राहत नाही. वास्तविक इंजिनाचे आयुष्य ज्या गोष्टींवर ठरते, त्यांतील एक अगदी बिनखर्चाची आहे. इंजिन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत त्याच्याकडून किती काम करून घ्यावयाचे, हा तो प्रश्न होय. इंजिन सुरू होताच त्यावर पूर्ण भार टाकण्याची सवय सर्वत्र आढळते. ही सवय इंजिनाला का मानवत नाही आणि ती कशी बदलता येईल, याचा विचार येथे केला आहे.

‘थंड’ म्हणजे किती थंड?

थंड इंजिनाची काळजी हा युरोपातील किंवा हिमालयातील प्रश्न आहे, आपल्या उष्ण प्रदेशाशी त्याचा संबंध नाही, असा समज पुष्कळांचा असतो. हा समज बरोबर नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातील पाणी साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापमानाला असावे, अशीच त्याची रचना केलेली असते. दट्ट्याच्या, म्हणजेच पिस्टनच्या माथ्याचे तापमान तर पूर्ण भारावर २५० अंशांच्याही पुढे जाते. भागांमधील अंतरे, तेलाचा घट्टपणा, इंधन फवारण्याची वेळ या सर्व गोष्टी तापलेले इंजिन डोळ्यांसमोर ठेवून ठरविलेल्या असतात.

त्यामुळे वैशाखातील ३५ अंशांच्या सकाळी रात्रभर उभे राहिलेले इंजिनही, इंजिनाच्या हिशेबाने, थंडच असते. निफाड परिसरात हिवाळ्यात पारा ५ अंशांच्या खाली उतरतो तेव्हा अडचण वाढते. मात्र अडचणीचे स्वरूप तेच राहते. माणसाला उकडत आहे यावरून इंजिन तापले आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

तेल पोचेपर्यंतचा काळ

इंजिनात फिरणारे धातूचे भाग परस्परांना प्रत्यक्ष घासू नयेत, यासाठी त्यांच्यामध्ये वंगणतेलाचा पातळ पडदा राखलेला असतो. भुजादंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, हा बेअरिंगमध्ये धातूवर टेकून फिरत नाही, तर तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. हा थर टिकण्यासाठी पंपाने सतत तेल पुरवीत राहिले पाहिजे. इंजिन रात्रभर बंद राहिले, की वरच्या भागांवरील बरेचसे तेल निथळून तळाच्या टाकीत उतरते. सकाळी इंजिन सुरू केल्यावर ते पुन्हा झडपांपर्यंत आणि बेअरिंगांपर्यंत चढण्यास काही सेकंद लागतात. तेवढा वेळ भागांवर मागे राहिलेल्या तेलाच्या ओशटपणावरच काम भागते.

यात तेलाच्या विष्यंदितेची, म्हणजे वाहण्यास होणाऱ्या विरोधाची, भर पडते. काकवी थंडीत बरणीतून लवकर ओतली जात नाही आणि कोमट केली की सहज वाहते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. वंगणतेलाचेही तसेच असते. डिझेल इंजिनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या १५ डब्ल्यू-४० प्रतीच्या तेलाची विष्यंदिता १०० अंशांना जेवढी असते, त्याच्या सुमारे सात ते आठ पट ती ४० अंशांना असते. हिवाळ्यातील १० अंशांच्या पहाटे ती त्याहूनही कित्येक पटींनी वाढते. तेलाच्या प्रतीतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक असून, त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत अधिक सहज वाहते. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे. ‘जाड तेल म्हणजे चांगले तेल’ ही समजूत सुरू होण्याच्या क्षणी इंजिनाला महाग पडते.

येथे एक फसवी गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. थंड इंजिन सुरू होताच तेलाच्या दाबाचा काटा बहुधा वर चढलेला दिसतो आणि चालकाला वाटते, की तेल सर्वत्र पोचले. प्रत्यक्षात तेल घट्ट असल्यामुळे अरुंद मार्गांतून ते पुढे सरकत नाही, म्हणून दाब वाढलेला असतो. जादा दाब सुटावा यासाठी बसविलेली झडप उघडते आणि बरेचसे तेल पुढे न जाता टाकीतच परत येते. गाळणीतूनही घट्ट तेल जाऊ शकले नाही, तर तेथील दुसरी झडप उघडून न गाळलेले तेल पुढे सोडले जाते. दाब दिसणे आणि तेल पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून ‘रेस’ दिली, तर तेल अपुरे असतानाच भागांचा वेग आणि त्यांवरील दाब वाढतो. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाला याचा विशेष त्रास होतो. लहान टर्बोचार्जरचा दांडा पूर्ण गतीत मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तोही तेलाच्याच थरावर फिरतो. तेथे तेल पोचण्यापूर्वी दिलेली रेस म्हणजे त्या बेअरिंगवर कोरडेपणी घातलेला घाला होय.

धातूंचे असमान प्रसरण

तापल्यावर सर्व धातू प्रसरण पावतात, पण सारख्या प्रमाणात पावत नाहीत. पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, तर तो ज्यात सरकतो ते सिलिंडर अनेक इंजिनांत बिडाचे असते. एक मीटर लांबीची पट्टी घेतली, तर तापमान एक अंशाने वाढताच ॲल्युमिनियमची मिश्रधातू सुमारे ०.०२० मिलिमीटरने आणि बीड सुमारे ०.०११ मिलिमीटरने वाढते. हा फरक क्षुल्लक भासतो. परंतु १०० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे तापमान १५० अंशांनी वाढले, तर त्याचा व्यास ०.३० मिलिमीटरने वाढतो. त्याच वेळी ७० अंशांनी तापलेले सिलिंडर मात्र जेमतेम ०.०८ मिलिमीटरने रुंदावते. हा फरक सामावून घेण्यासाठी थंड असताना पिस्टन मुद्दाम थोडा सैल ठेवलेला असतो. त्याचा आकारही नेमका गोल न ठेवता, तापल्यावर गोल होईल असा किंचित लंबगोल घडवितात. काही इंजिने सकाळी खडखडतात आणि थोड्या वेळाने शांत होतात, त्याचे एक कारण हेच असते.

भार हळूहळू वाढविला, तर पिस्टन आणि सिलिंडर दोघेही बरोबरीने तापतात व त्यांच्यामधील अंतर योग्य राहते. थंड इंजिनावर एकदम पूर्ण भार टाकला, तर जळणाची प्रचंड उष्णता प्रथम पिस्टनला मिळते. पिस्टन झपाट्याने फुगतो आणि भोवतीचे सिलिंडर अद्याप गारच असते. त्यातच तेलाचा पडदा अपुरा असल्यास पिस्टनच्या अंगावर व सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात. क्वचित पिस्टन अडकून इंजिन जागच्या जागी बसते. सिलिंडरच्या झाकणातही एक बाजू तप्त व दुसरी गार अशी स्थिती होऊन ताण निर्माण होतो. असे वारंवार घडल्यास गॅस्केट निकामी होणे, झाकणाला तडा जाणे असे दोष उद्भवतात.

अपुरे जळण, पाणी आणि आम्ल

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डीझेल यांनी यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की ती स्वतःच तापते आणि तिच्यात फवारलेले तेल पेट घेते. आजच्या इंजिनाचेही तत्त्व तेच आहे. सिलिंडरच्या भिंती गार असल्या, की दाबलेल्या हवेची बरीच उष्णता त्या शोषून घेतात. मग इंधन पेटण्यास विलंब होतो, तेवढ्या वेळात साचलेले इंधन एकदम भडकते आणि ठोक्याचा आवाज येतो. काही इंधन न जळताच भिंतीवर चिकटते, तेथील तेलाचा थर धुऊन काढते आणि पिस्टनच्या कड्यांवाटे खाली उतरून टाकीतील तेल पातळ करते.

धुराच्या रंगावरून यातील बरेच काही ओळखता येते. सुरू होताना दिसणारा पांढरट धूर बहुधा न जळलेल्या इंधनाच्या वाफेचा असतो आणि इंजिन तापल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे. भार पडताच निघणारा काळा धूर हवेच्या मानाने इंधन अधिक जात असल्याचे सांगतो. निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळत असल्याची खूण समजावी.

इंधनाच्या ज्वलनातून पाणीही निर्माण होते. एक लिटर डिझेल जळाले, की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गरम इंजिनातून ही वाफ धुराड्यावाटे निघून जाते, तर थंड इंजिनात तिचा काही अंश भिंतीवर पाणी होऊन साचतो. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण अधिक असल्याने या पाण्यातून आम्ल तयार होऊन धातू कुरतडला जाई. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ मानकाचे इंधन मिळू लागले. त्यातील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत अवघी १० भाग असल्याने आम्लाचा धोका पुष्कळ कमी झाला. पाणी मात्र होते तेवढेच आहे. रोज दोन-चार मिनिटेच चालणाऱ्या इंजिनाच्या तेलात हे पाणी साठत जाते आणि तेलाच्या झाकणाखाली दुधी रंगाचा चिकट थर दिसू लागतो.

नव्या मानकाच्या अनेक डिझेल वाहनांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जाळून टाकण्यास धूर पुरेसा तप्त असावा लागतो. वाहन कधी नीट तापलेच नाही, तर गाळणी तुंबते आणि चालकासमोर इशारा-दिवा लागतो. इंजिन योग्य तापमानाला पोचणे हे आता पूर्वीपेक्षाही अधिक आवश्यक झाले आहे.

नुसते चालू ठेवल्याने काय होते?

यावरून, इंजिन अर्धा तास नुसते चालू ठेवावे, असे कोणी म्हणेल. हे दुसरे टोक झाले. डिझेल इंजिन बिनभाराने चालताना फार थोडे इंधन जाळते, त्यामुळे उष्णताही थोडीच निर्माण होते आणि ते कार्यतापमानाला पोचण्यास फार वेळ लागतो. थंडीत तर ते पोचतही नाही. वर सांगितलेले सर्व दोष तेवढा वेळ चालूच राहतात आणि डिझेल वाया जाते ते निराळेच.

इंजिन तापविण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्याला हलके काम देणे. सुरू झाल्यावर साधारण अर्धे ते एक मिनिट, कडक थंडीत दोन मिनिटांपर्यंत, ते संथ गतीत चालू द्यावे. तेलाच्या दाबाचा दिवा विझल्याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर वाहन हळूहळू रस्त्यावर घ्यावे आणि पहिली पाच ते दहा मिनिटे मध्यम गतीने, खालच्या गिअरमध्ये ओढाताण न करता चालवावे. पाण्याच्या तापमानाचा काटा आपल्या नेहमीच्या जागी येईपर्यंत पूर्ण भार टाकू नये. पाणी तापले तरी वंगणतेल त्याच्या मागून तापते, याचीही जाणीव ठेवावी.

ट्रॅक्टरचालकाने शेतावर पोचेपर्यंतचा प्रवास हाच तापविण्याचा काळ मानावा आणि नांगर जमिनीत खोल घालण्यापूर्वी पहिला तास हलका घ्यावा. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर रात्रभर उभे असतात व पहाटे एकदम चढावर खेचले जातात. अशा ठिकाणी ट्रॉली जोडण्यापूर्वी ट्रॅक्टर थोडा फिरवून आणल्यास पाच मिनिटे जातात आणि इंजिन वाचते. मुक्कामी बसला हवेच्या ब्रेकसाठी टाकीत दाब भरेपर्यंत थांबावेच लागते. तो दाब लवकर भरावा म्हणून रेस देण्याची घाई केली नाही, की हा सक्तीचा विरामच इंजिनाच्या उपयोगी पडतो.

विहिरीचे गार पाणी आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

काही इंजिने दिवसभर चालूनही थंडच राहतात. पंपाला जोडलेल्या तेल-इंजिनांत पुष्कळदा पंपाच्याच पाण्याचा एक फाटा इंजिनाभोवती फिरवून ते थंड ठेवण्याची सोय असते. हा फाटा पूर्ण उघडा ठेवला, तर विहिरीचे गार पाणी वेगाने वाहत राहते आणि इंजिन कधीच तापत नाही. ‘जितके गार तितके बरे’ अशा समजुतीने हे केले जाते. परिणामी इंधन अधिक लागते आणि सिलिंडर लवकर झिजते. तोटी बेताने उघडून, इंजिनातून बाहेर पडणारे पाणी साधारण ६० ते ७० अंशांचे राहील असे पाहावे. तापमापक नसला, तर बाहेर येणाऱ्या पाण्याच्या नळीला सावधपणे बोट लावून पाहावे. चटका बसून बोट क्षणभरच टेकविता आले, तर तापमान ठीक आहे असे समजावे. हात खुशाल धरता येत असेल, तर पाणी फार वाहत आहे.

मोटारी आणि ट्रॅक्टरांत हेच नियंत्रण थर्मोस्टॅट करतो. तो म्हणजे मेण भरलेली एक लहानशी झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते व पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. पाणी साधारण ८० अंशांवर गेले, की मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून हा थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी पडली आहे. त्यामुळे इंजिन तापण्यास फार वेळ लागतो. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वगळून आतल्या आतच फिरत राहते व गाडी उलट अधिक तापते. गाडी तापत असेल, तर तुंबलेला रेडिएटर, सैल पट्टा किंवा बिघडलेला पंप शोधावा. थर्मोस्टॅट निकामी असल्यास त्याच्या जागी नवा बसवावा.

थांबण्यास सवड नसते तेव्हा

येथवरचे विवेचन ज्यांना पाच मिनिटे मिळू शकतात, त्यांच्यापुरते झाले. रुग्णवाहिका, अग्निशमन वाहन आणि रुग्णालयाचे जनित्र यांना ती मिळत नाहीत. प्रसूतीसाठी अडलेल्या स्त्रीला घेऊन जाणाऱ्या चालकाने तापमानाचा काटा पाहत थांबावे, असे कोणीही म्हणणार नाही. इंजिन माणसासाठी आहे आणि अशा प्रसंगी होणारी झीज ही सेवेची किंमत म्हणून स्वीकारावी लागते. मात्र ती झीज कमी करणे आणि ऐन वेळी यंत्र दगा देणार नाही हे पाहणे, या गोष्टी आधीच्या तयारीवर अवलंबून असतात.

ही तयारी कशी असावी, हे मोठ्या यंत्रांच्या व्यवहारात पाहावयास मिळते. महासागरी जहाजाचे मुख्य इंजिन सुरू करण्यापूर्वी त्याच्या भोवतीचे पाणी बाहेरून तापवून साधारण ५० ते ६० अंशांवर आणतात आणि बंदर सोडल्यावर भारही ठरलेल्या क्रमाने चढवितात. फिनलंड, स्वीडन यांसारख्या देशांत वाहनतळांवर विजेची जोडणी असते व उभ्या मोटारीचे इंजिन तापकाने उबदार ठेवले जाते. शर्यतीच्या मोटारींची इंजिने तर गरम पाणी व तेल फिरविल्यानंतरच सुरू करतात.

तातडीच्या सेवेतील जनित्रांनाही असा पाणी-तापक बसविता येतो. तो इंजिनातील पाणी ४० अंशांच्या आसपास राखतो व वीज जाताच जनित्र काही सेकंदांत भार घेण्यास सिद्ध असते. तापक नसेल, तर भार तरी टप्प्याटप्प्याने द्यावा. प्रथम शस्त्रक्रियागृह, प्रसूतिकक्ष व श्वसनयंत्रे यांना वीज द्यावी. पाण्याचे पंप व वातानुकूलन यंत्रे मागाहून जोडावीत. जनित्राची चाचणी घेताना ते दोन मिनिटे चालवून बंद करणे हानिकारक असते, कारण त्यात इंजिन तापत नाही आणि पाणी तेलातच राहते. चाचणी अर्धा तास आणि किमान एक-तृतीयांश भारावर घ्यावी.

२०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांची सेवा सुरू आहे. अशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका शक्यतो छपराखाली उभी असावी. तिच्यात योग्य प्रतीचे तेल असावे आणि सकाळची तपासणी पंधरा-वीस मिनिटे प्रत्यक्ष चालवून व्हावी. बोलावणे आल्यावर चालकाने तत्काळ निघावे. तरीही पहिला एक किलोमीटर रेस न देता, गिअर वेळेवर बदलीत गेल्यास वेळ फारसा जात नाही आणि इंजिनाला मोठा दिलासा मिळतो.

काम संपल्यावरही थोडा संयम हवा. टर्बोचार्जर असलेले इंजिन पूर्ण भारावरून एकदम बंद केले, तर तेलाचा पुरवठा थांबतो आणि तप्त बेअरिंगमधील तेल करपते. म्हणून बंद करण्यापूर्वी ते एक ते तीन मिनिटे संथ गतीत चालू द्यावे.

पंचायतीची व अधिकाऱ्यांची जबाबदारी

चालकाला हे सर्व सांगितले म्हणजे काम संपले, असे होत नाही. साहेब गाडीत बसताच गाडी धावली पाहिजे, अशी अपेक्षा असेल, तर चालक थांबणार नाही. टँकरचा मोबदला निव्वळ खेपांवर मोजला जात असेल, तर पहिली खेपही तो घाईनेच करील. उन्हाळ्यात टंचाईच्या काळात टँकर बंद पडला, की त्याचा हिशेब केवळ दुरुस्तीच्या देयकात मावत नाही. त्या दिवशी वस्तीला पाणी मिळत नाही आणि हंडे घेऊन बायकांना पुन्हा दूरच्या विहिरीची वाट धरावी लागते.

यास्तव ग्रामपंचायतीने आपल्या प्रत्येक इंजिनासाठी एक साधी नोंदवही ठेवावी. सुरू केल्याची वेळ, भार घेतल्याची वेळ, तेलाची पातळी, धुराचा रंग आणि चाललेले तास एवढ्या पाच रकान्यांनी काम भागते. पहिल्या दोन रकान्यांत रोज एकच वेळ दिसू लागली, तर काय घडते आहे, हे यंत्रशास्त्र न जाणणाऱ्या सदस्यालाही समजेल. तेल बदलण्याची मुदत तासांवरून ठरवावी. वारंवार थोडा वेळच चालणाऱ्या इंजिनाचे तेल तास भरले नसले तरी उत्पादकाने सांगितलेल्या महिन्यांत बदलावे. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मेकॅनिक डिझेल किंवा मेकॅनिक ट्रॅक्टर हा अभ्यासक्रम असल्यास तेथील निदेशकांना बोलावून चालकांसाठी अर्ध्या दिवसाचे मार्गदर्शन घडवून आणणे अवघड नाही.

शाळेतील प्रात्यक्षिक

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज मांडता येईल. न वापरलेले वंगणतेल दोन सारख्या बाटल्यांत घ्यावे. एक बाटली थंड पाण्यात व दुसरी कढत पाण्याच्या भांड्यात काही वेळ ठेवावी. ती प्रत्यक्ष आचेवर मात्र ठेवू नये. मग दोन्ही बाटल्यांतील समान तेल एकाच बारीक तोंडाच्या नरसाळ्यातून पेल्यात गळू द्यावे आणि किती सेकंद लागले ते घड्याळावर मोजावे. थंड तेलाला लागणारा जादा वेळ विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसतो. पिस्टनच्या प्रसरणाचे वर दिलेले गणितही त्यांच्याकडून करवून घ्यावे. ज्या घरात ट्रॅक्टर आहे, त्या घरातील मुलगा किंवा मुलगी संध्याकाळी हे घरी सांगेल आणि कदाचित कोणत्याही परिपत्रकापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

इंजिन तक्रार करीत नाही. थंड असताना त्यावर भार टाकला, तरी ते त्या दिवशी चालतेच, आणि म्हणूनच नुकसान लक्षात येत नाही. तेल पिऊ लागलेले, धूर ओकणारे आणि शक्ती हरवलेले इंजिन काही वर्षांनी दुरुस्तीला येते, तेव्हा दोष यंत्राला दिला जातो. त्यातील बराचसा दोष अनेक सकाळी थोडाथोडा साठत आलेला असतो. एक मिनिट संथ, दहा मिनिटे हलके आणि मग पूर्ण भार, हा क्रम पाळण्यास मंजुरी लागत नाही की तरतूद लागत नाही. उद्या सकाळी गावातील पहिले इंजिन सुरू होईल, तेव्हापासूनच त्याचा आरंभ करता येईल.